काका, बाईंच्या कॅसेटी काळी चारमध्ये वाजल्या त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच "चहा टाकायला सांगू का" म्हणता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून शेवटी लिहायला बसले. आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय, कारण सोलापूरच्या नवी पेठेतल्या तुमच्या दुकानात बसून गाणं ऐकलेली माणसं आता कुठे कुठे पांगलीत, कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, कुणी दुबईत, त्यांनाही कळू दे की दुकानाचं शटर दिवाळीनंतर कायमचं खाली आलंय आणि तरी या उन्हाळ्यात तुम्ही घरच्या जेवणाच्या टेबलावर कॅसेट डेक उघडून माझ्या बाईंच्या सगळ्या कॅसेटी वाजत्या करून दिल्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. माझ्या गाण्याच्या बाई मंगळवार पेठेत राहायच्या. किराणा घराण्याच्या वळणाचं गाणं, क्लास म्हणजे चार-पाच मुली, एक तानपुरा आणि एक जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम. बाईंनी बाहेर कार्यक्रम फारसे केलेच नाहीत, त्यामुळे त्यांची रेकॉर्ड निघाली नाही की रेडिओवर काही राहिलं नाही. जे आहे ते एवढंच, आम्ही मुलींनी त्यांच्याच घरातल्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेलं. "घरी नेऊन घोका" म्हणून बाई बटण दाबायच्या आणि बंदिश सांगायच्या, मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच "अगं ती खिडकी लोट", सगळं त्यात आहे. बाई जाऊन खूप वर्षं झाली. आता माझ्याकडे ज्या मुली शिकतात त्यांना बाईंचा आवाज ऐकवायचा तर ह्या कॅसेटींशिवाय दुसरं काहीही नाही.

तर १९८७ ची गोष्ट, मी अकरावीत. क्लासमधे कॅसेट भरायची, घरी येऊन आमच्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या) लावायची, आणि पेटीवर काळी चार, म्हणजे बाईंच्या सा ची चौथी काळी पट्टी, धरून सोबत गायला जावं तर बाईंचा आवाज वरच चढलेला. जवळजवळ पांढरी सहा, म्हणजे लगेच वरची पट्टी. बाई तर काळी चारला गायच्या, मी स्वतः समोर बसलेली असायची. मला वाटायचं माझाच कान बिघडला की काय. आधी दोन ठिकाणी टेप दाखवला, दोघांनीही "मोटर फास्ट झालीय" म्हणून माझाच टेप उघडायची तयारी केली. मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं.

तुम्ही टेपला हातच लावला नाहीत. आधी विचारलंत, कंपनीची, बाजारातनं भरलेली आणलेली कॅसेट कशी वाजते? मी म्हटलं बरी वाजते. "बरी म्हंजे काय? कशावरनं?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुम्ही म्हणालात, "पेटी घेऊन ये की मग. सूर कुठनं चढलालाय ते आधी बघू, मग स्क्रू ड्रायव्हर."

दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन रिक्षातून पेटी आणली. दुकानात गिऱ्हाईक उभं, सगळे पुरुष, मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला पत्र्याचं स्टूल ठेवलंत, पेटी काउंटरवर, आणि मला काळी चार दाबून धरायला सांगितलंत. तो सूर तुमच्या डेकवर भरला. ती कॅसेट काढून माझ्या टू-इन-वनमधे लावली, आणि मला म्हणालात आता परत पेटी धर. दोन्ही सूर एकात एक मिसळले. "बघ, तुझ्या टेपला काहीच झालं नाही. बाईंचा हळू चालतोय. हळू चालत भरलं की नीट मशीनवर ते वर चढूनच वाजणार."

किती साधं होतं ते, पण त्या आधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की बिघाड भरणाऱ्या मशीनमधे असू शकतो. मग तुम्ही समजावून सांगितलंत की कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटरच पुढे सरकायला पाहिजे, जगातल्या कुठल्याही डेकवर तेवढीच, आणि वेग शंभराला सहाने बदलला की सूर बरोब्बर अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे काळी चारचं पांढरी सहा होतं ते उगाच नाही. संगीताच्या कुठल्या पुस्तकात मला हे मिळालं नव्हतं.

आणि मग जे केलंत त्याबद्दल हे पत्र आहे.

लुना काढून तुम्ही स्वतः बाईंच्या घरी गेलात आणि त्यांच्या टेपचा बेल्ट बदललात. उन्हाने कडक होऊन ढिला पडला होता, तुम्ही बाईंना तो हातात देऊन दाखवलात. पण तोवर भरलेल्या कॅसेटी होत्याच की, त्यांचं काय? तुम्ही म्हणालात दुकान बंद व्हायच्या वेळेला पेटी घेऊन येत जा. डेकच्या मोटरला मागे एक बारीक भोक असतं, त्याच्या आत वेग कमीजास्त करायचा बारीक स्क्रू, प्रीसेट, असतो, तो तुम्ही घड्याळजीच्या स्क्रू ड्रायव्हरने केसभर केसभर फिरवायचा, डेक मुद्दाम हळू करायचा, आणि मी पेटीवर काळी चार धरून सांगायचं की आलं का नाही. आलं की त्याच वेगावर ती कॅसेट वाजवत दुसऱ्या डेकवर नव्याने भरून घ्यायची. प्रत्येक कॅसेटला परत पहिल्यापासून, कारण ढिला बेल्ट रोज सारखा कुठला चालतोय.

तुमच्याकडे मीटर होतं काका. मी बघितलं होतं ते शेल्फवर. पण तुम्ही ते काढलं नाहीत, मला म्हणालात, "तू सांग. तुला कळतंय ते." सोळा वर्षांची पोरगी मी, घरात कुणी मला जेवायला काय करायचं हे सुद्धा विचारत नव्हतं, आणि इथे दुकानाचा मालक माझ्या "थांबा, थोडं खाली" ह्या शब्दावर हात थांबवत होता. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं की बरोबर आहे की आता, किती वेळ चाललंय, तर तुम्ही वळून त्यांना म्हणालात तिला अजून लागलेलं नाही, थांबा जरा. ते मी विसरूच शकत नाही. पुढे मी गाणं शिकवायला लागले, मुलींना "तू सांग, लागलं का" असं विचारते, ती सवय मला तुमच्या काउंटरवर लागलीय. पैसे घेतलेत ते फक्त कोऱ्या कॅसेटींचे.

कोऱ्या कॅसेटींचं पण तुमचं ठरलेलं होतं. मला सी-९० पाहिजे होत्या, जास्त मावतं म्हणून, तुम्ही हट्टाने सी-६० च दिल्यात. सी-९० ची टेप पातळ असते, ओढली जाते, आणि गुंडाळलेल्या टेपचा एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, मग शांत जागेत पुढची तान आधीच बारीक ऐकू येते, गाण्याला ते चालत नाही. आणि भरून झाल्याबरोबर प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही टिकल्या तुम्ही स्वतः मोडून टाकायचात, चुकून कुणी रेकॉर्डचं बटण दाबू नये म्हणून. आमच्या घरात पुढे किती लहान मुलं त्या टेपशी खेळली, बटणं दाबली. बाईंचा एक शब्द पुसला गेला नाही, तो त्या मोडलेल्या टिकल्यांमुळे.

दुकान तरी कसलं होतं ते! पुढे कॅसेटींचं कपाट, मागे टेबलावर सोल्डरिंगचा धूर, खाली जमिनीवर उघडलेले मर्फी, बुश, फिलिप्स, एचएमव्हीचा फिएस्टा झाकण उघडून पडलेला, आणि आखातातून कुणीतरी आणलेले नॅशनल पॅनासॉनिक नाहीतर सान्सुई, त्यांना तर लोक हात पण लावायला घाबरायचे. पूर्व भागातनं विड्या वळणाऱ्या बायका ट्रान्झिस्टर घेऊन यायच्या, त्यांच्याशी तेलुगू, लिंगायत घरातले लोक गड्ड्याच्या यात्रेआधी वचनांच्या कॅसेटी न्यायला यायचे त्यांच्याशी कन्नड, कव्वाली मागायला आलेल्यांशी उर्दू, आणि माझ्याशी आपलं सोलापुरी मराठी. एकाच काउंटरवर एका तासात चार भाषा. कारखान्यातले लोक मोठा अँप, म्हणजे अँप्लिफायर, मागायचे, मागाच्या खटखटीत गाणं ऐकू आलं पाहिजे म्हणून, आणि सगळ्यांना बास पाहिजे असायचा. तुम्ही त्यांना समजावून सांगायचात की मागाच्या आवाजात बास बुडूनच जाणार, शब्द कळायचे तर मधला आवाज उठला पाहिजे, आणि मोठ्या वूफरऐवजी साधा स्वस्त स्पीकर देऊन पाठवायचात. स्वतःचं नुकसान करून गिऱ्हाइकाला स्वस्त वस्तू देणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

मला पण तेच केलंत. १९९३ ला शाळेत नोकरी लागली, पहिले थोडे पगार साठवून मी अँप घ्यायला आले, शोकेसमधला तो नाचणाऱ्या दिव्यांचा घ्यायचा मनात होता. तुम्ही म्हणालात खोली केवढी आहे? दहा बाय दहा. मग कशाला? आणि हप्त्याहप्त्याने मला एक अँप बांधून दिलात, ट्रान्सफॉर्मर ओळखीच्या माणसाकडून वळून घेतलेला, ३०५५ नंबरचे ते धातूच्या टोपीचे ट्रान्झिस्टर मागे जाड ॲल्युमिनियमच्या पंख्यांवर बसवलेले, कारण तुमचं म्हणणं सोलापुरात अँप आधी उन्हाळ्यातनं पार पडला पाहिजे, वॅट नंतर. स्पीकरचे डबे प्लायवूडचे, आणि आत काय भरलं होतं तर सोलापुरी चादरीचे तुकडे! डब्याच्या भिंतीवरून आवाज उलटून येतो आणि पोकळ घुमतो, तो जाड कापसाने दबतो. आजही मागची पट्टी उघडली की आत ती निळी-लाल नक्षी दिसते. आता लोक जुन्या अँपला विंटेज म्हणून काय वाटेल ते पैसे मागतात. माझा विकायचा नाही.

त्या अँपमधे मागे एकदा "हम्म" यायला लागला, गाणं नसताना सुद्धा, तेव्हा पण तुम्हीच. भिंतीवरच्या सिरीज बोर्डाला, म्हणजे मधे बल्ब घालून लाइट देणाऱ्या बोर्डाला, अँप जोडलात, शंभर वॅटचा बल्ब भपकन पेटून मंद झाला, तुम्ही म्हणालात चला, शॉर्ट नाही, जीव आहे अजून. मग दोन मोठे फिल्टर कपॅसिटर काढून दाखवलेत, डोक्यावर फुगलेले. आपली लाइट ५० सायकलची, डायोडमधनं गेली की १०० ची लाट होते, ती सपाट करणारे हे दोघे वाळले की तीच लाट स्पीकरमधे गुणगुणते. आणि ते का वाळले, तर दहा डिग्री उष्णता वाढली की ह्यांचं आयुष्य साधारण अर्धं होतं, आणि आपल्या गावात मे महिन्यात बाहेरच ४३-४४ असतं, अँपच्या पेटीत किती असेल. मी ह्या गावात जन्मले पण उन्हाचा हिशोब असा कधी कुणी सांगितला नव्हता.

आता या उन्हाळ्याचं. बाईंच्या कॅसेटी मी पिशवीत भरून तुमच्या घरी आणल्या तेव्हा निम्म्या वाजतच नव्हत्या. मला वाटलं गेलं सगळं. तुम्ही चष्मा लावून एकेक उजेडात धरलीत. टेपला काही झालेलं नव्हतं, टेपला हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी जी बारीक नमद्याची गादी असते तिचा गोंद सुटून ती आतच पडली होती. तुम्ही जुन्या जाहिरातींच्या आणि भाषणांच्या कॅसेटी फोडून त्यांच्या गाद्या काढल्यात आणि चिमट्याने ह्यांना बसवल्यात. ज्यांचं कवच चिकटवलेलं होतं, स्क्रूच नव्हते, त्यांची टेप अख्खी उचलून स्क्रूवाल्या कवचात घातलीत. हे सगळं मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर, काकू रागावत असताना.

आणि मग हेड. प्रत्येक कॅसेट वेगळ्या दिवशी भरलेली, हेडचा कोन जरा इकडेतिकडे असला की वरचे बारीक आवाज मरतात आणि सगळं गोधडीतनं आल्यासारखं होतं. तुम्ही हेडच्या बाजूचा तो लहान स्क्रू फिरवत होतात आणि मला परत विचारलंत, "सांग." मी तानपुऱ्याकडे कान लावला. जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, उघडली की कोन बरोबर, इतकं सोपं माप होतं. एका कॅसेटवर ती जवारी अशी एकदम झळाळून आली की काकू स्वयंपाकघरातनं बाहेर आल्या. मी तेव्हा काही बोलले नाही, मला बोलताच आलं नसतं. म्हणून आता लिहितेय.

माझा एक विद्यार्थी कॉम्प्युटरवाला आहे, त्याने हौसेने टेपची सगळी सरसर काढून टाकलेली एक फाइल करून आणली. स्वच्छ होती एकदम. पण जवारी पण गेली होती तिच्यातनं, आणि बाई तान घ्यायच्या आधी जो श्वास घेतात तो सुद्धा. तुम्ही त्याला अजिबात टाकून बोलला नाहीत, उलट शेजारी बसवून दोन्ही ऐकवलंत आणि त्याचं त्यालाच कळू दिलंत. आता आम्ही जसंच्या तसं भरलेलं वेगळं जपून ठेवलंय, सरसर, कुकर, खिडकीसकट, आणि ते चार ठिकाणी ठेवलंय. तो मुलगा आता दर आठवड्याला तुमच्याकडे येतो असं कळलं. येऊ द्या त्याला. चांगला आहे, फक्त घाई करतो.

भाचीचं पण सांगायचं राहिलं. तिने ऑनलाइन तो सुटकेससारखा दिसणारा रेकॉर्ड प्लेअर मागवला होता आणि माझ्या लाँग प्ले त्याच्यावर लावणार होती. तुम्ही सोनाराकडचा तो छोटा डिजिटल काटा काढून पिनखाली ठेवलात, पाच ग्रॅमच्या वर वजन. चांगल्या पिकअपला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतं. तिला एवढंच म्हणालात की ह्याच्यावर नवीन स्वस्तातली रेकॉर्ड वाजव खुशाल, मावशीच्या नको, त्या परत मिळायच्या नाहीत. आणि हिराबाई बडोदेकरांची मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी दाखवून सांगितलंत की हिची खाच रुंद असते, हिला वेगळी जाड पिन लागते, आणि एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावतं तर तेवढ्यात त्या अख्खा राग उभा करायच्या. त्या दिवसापासून पोरगी मोबाइल बाजूला ठेवून ऐकते.

तिला सगळ्यात आवडलं ते ट्यूबलाइटचं. घरात सगळीकडे एलईडी लावलेत तुम्ही, पण टेबलावर एक जुनी चोकवाली ट्यूब मुद्दाम ठेवलीय, कारण ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि रेकॉर्डच्या ३३ च्या (मिनिटाला ३३⅓ फेऱ्या) वेगासाठी कागदी चकतीवर १८० रेघा काढल्या की वेग बरोबर असताना त्या रेघा फिरत असूनही जागेवर थांबलेल्या दिसतात. पुढे सरकल्या तर जलद, मागे सरकल्या तर हळू. तिने ती चकती स्वतः कंपासने काढून आणली आणि तुम्ही ती लावून बघितलीत, मोठ्या माणसाचं काम बघावं तसं. परत तेच केलंत तुम्ही, माझ्यावेळी केलेलं.

काका, हे सगळे उपकार पैशात मोजून तुमचा अपमान करणार नाही. माझ्याकडे शिकलेल्या मुलींच्या फोनमधे आज बाई गातात, काळी चारलाच गातात, आणि त्यातल्या निम्म्या मुलींनी बाईंना कधी पाहिलेलंही नाही. एक अमेरिकेत आहे, तिचा मेसेज आला की मावशी, मी रोज सकाळी बाईंबरोबर रियाज करते. तो मेसेज मी तुम्हाला वाचून दाखवला तेव्हा तुम्ही चष्मा पुसत बसलात आणि मग विचारलंत की तिच्याकडे स्पीकर कुठला आहे.

तुमच्याकडचे पार्टचे डबे, बेल्टांची पाकिटं, ते सर्किटांच्या नोंदींचं रजिस्टर, ह्यातलं काहीही भंगारात देऊ नका एवढी एकच विनंती आहे. रजिस्टरचे फोटो मी आणि भाची मिळून काढतो, तुम्ही फक्त बाजूला बसून कुठलं काय ते सांगायचं, खूप ठिकाणी अक्षर पुसट झालंय ते आताच विचारून घ्यायला पाहिजे. पार्टचे डबे माझ्या गाण्याच्या खोलीत वरच्या फळीवर राहतील, जागा करून ठेवलीय, सुतार शनिवारी फळी मारून जाईल.

रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघी येतो. तिला डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग, शिकवायचं तुम्ही कबूल केलंय, ती रोज विचारते. तुमच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक झिजलंय म्हणाला होतात, ते नवीन घेऊन येतेय, २५ वॅटचंच. काकूंना सांगा नाश्ता मी आणतेय, त्यांनी काही करायचं नाही.

तुमची,
मंगळवार पेठेतल्या बाईंची विद्यार्थिनी